जडबाईचा अंगठा

अंगानं नुसती काडी, आणि नाव जडबाई! फुंकर मारली तर उडेल अशी ती बाई कारखान्यात शिरली की चहूबाजूंनी हाका सुरू व्हायच्या, "आल्या का जडबाई? आज किती किलो वाढवणार?" ती कोणाकडे बघायची नाही. नाकावर मास्क चढवायची, हातमोजे ओढायची आणि कामाला लागायची. राग यायचा नाही असं नाही, पण तो गिळायची तिला सवय होती. आई गेली तेव्हा चार वर्षांचा भाऊ हिच्या पदरात पडला आणि हिचं लग्नाचं वय त्याची शाळा, त्याचे ताप आणि त्याचे फाटके बूट सांभाळण्यात निघून गेलं. असल्या बाईला चार टवाळांच्या हाकांचं काय!

पण नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कारखाना शिडाच्या बोटींचा. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, माणसानं बायकापोरांना घेऊन महिना महिना समुद्रावर राहावं, असल्या बोटी. लाकडाच्या नव्हेत, फायबरच्या. म्हणजे एक भलामोठा साचा घ्यायचा, त्यात काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, वर रेझिन ओतायचं, मधासारखं चिकट आणि वासानं डोकं उठवणारं. रोलर फिरवून ते कापडात मुरवायचं. मग दुसरा थर, मग तिसरा. सुकलं की दगड. साच्यातून काढलं की बोटीची बॉडी तयार. ती क्रेनला टांगली की क्रेनवरच्या लाल आकड्यांत तिचं वजन उमटायचं, आणि सगळी शेड हातातलं काम टाकून माना वर करायची. आकडा मर्यादेच्या आत असला तर कोणी शिट्टी मारायचं. बाहेर गेला तर सगळे वळून हिच्याकडे बघायचे.

कारण हिचा हात बसला होता दुसऱ्याच ठिकाणी.

कारखाना ज्या खाडीवर होता, तिच्याच वरच्या अंगाला एक जुनं यार्ड होतं. तिथे वर्षाला जेमतेम चार-पाच बोटी पाण्यात उतरायच्या. गिऱ्हाईक दोन दोन वर्षं ताटकळायचं आणि वर मिस्त्रींना हात जोडायचं. मिस्त्री म्हणजे तिथले मुख्य कारागीर. आवाज फाटका, जीभ तिखट, आणि हात असा की चालत्या रोलरचा आवाज ऐकून सांगतील, कुठे हवा अडकलीय. त्यांच्या हाताखाली ही वीस-बावीस वर्षांची असताना लागली आणि चाळिशी तिथेच ओलांडली. त्या यार्डाची बोट आणि कारखान्याची बोट, लांबी अगदी तीच, शेजारी शेजारी उभ्या केल्या तर लांबून फरक कळायचा नाही. पण क्रेनला टांगा! कारखान्याची साडेसात टनांत आटपायची, जुन्या यार्डाची दहाच्या वर जाऊन बसायची, आणि क्रेनवाला आईबापाचं नाव घ्यायचा.

एवढं वजन कुठून यायचं? सगळीकडून. बोटीच्या पोटाखाली एक जड पातं असतं, कील म्हणतात त्याला. वाऱ्यानं बोट आडवी झाली तर तीच तिला पुन्हा उभी करते. जुन्या यार्डात ती शिशाची ओतीव असायची. आतल्या भिंती दोन्ही बाजूंनी काचकापडानं बॉडीला बांधून टाकलेल्या, कपाटं अस्सल लाकडाची, आणि बॉडी एवढी जाड की आत बसून बाहेरच्या लाटेचा आवाज येऊ नये. कारखान्यात कील लोखंडाची, बोल्टांनी आवळलेली. भिंती एका तयार तबकात बसवायच्या आणि ते तबक गोंदानं तळाला चिकटवायचं. कपाटं पातळ. बॉडी पाहिजे तेवढीच जाड, इंचभरसुद्धा उदारपणा नाही.

आता कोणी म्हणेल, मग कारखान्याच्या बोटी म्हणजे पत्र्याचे डबे. तसं मुळीच नव्हतं, आणि हे नीट ऐकून ठेवा. हलकं म्हणजे वाईट नव्हे. ड्रॉइंग काढणाऱ्यांनी डोकं चालवलेलं होतं. कुठे किती थर, कोणत्या थराला किती रेझिन, सगळं ठरवून दिलेलं. सांगितलं तसं केलं तर ती बोट आपल्या वजनाला झेपेल ते सगळं मुकाट सोसायची. अट एकच, सांगितलं तसं करायचं.

आणि जडबाईला नेमकं तेच जमत नव्हतं.

जुनं यार्ड बंद पडलं. लोकांना थांबायला वेळ राहिला नाही, मिस्त्रींची छाती रेझिनच्या वासानं निकामी झाली आणि ते गेले. ही कारखान्यात आली. पहिलीच बॉडी क्रेनवर चढली आणि लाल आकडा मर्यादा ओलांडून थेट पुढे गेला.

सुपरवायझर तरुण होता, कामाला चोख, उगाच ओरडणारा नव्हता. त्यानं विचारलं, "हे कुठून आलं?"

"कीलच्या मुळाशी दोन थर जास्त घातलेत," ती म्हणाली.

"कोणी सांगितले?"

"सांगायला कशाला हवं कोणी? कील तिथेच तर लटकते. सगळा भार तिथेच."

"भार आम्हालाही माहितीय, बाई. तो धरूनच थर ठरवलेत. वजन वाढलं की बोट पाण्यात खाली बसते, चालत नाही, आणि घेणारा आमच्या नावानं शंख करतो. तुमचं काम म्हणजे नाकापेक्षा मोती जड!"

सगळे हसले. ती बॉडी बाजूला पडली आणि साऱ्या गटाला सुट्टीच्या दिवशी येऊन दुसरी करावी लागली. त्या दिवशी कोणीतरी चिडून म्हणालं, "जडबाई," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिनं थर सोडून दिले असते. खरंच सोडले असते, सुट्टी बुडालेल्या बायका डबा खाताना हिच्याकडे पाठ करून बसायला लागल्या होत्या. पण मध्ये होता धाकटा.

धाकटा म्हणजे तिचा तो भाऊ. आता तिशीचा बाप्या, दाढी ठेवलेला, पण ही त्याला धाकट्याच म्हणायची. त्याचा धंदा बोटी पोचवण्याचा. कारखान्यात बोट तयार झाली की घेणारा राहतो तिथपर्यंत ती समुद्रातून चालवत न्यायची, कधी जोडीदार घेऊन, कधी एकट्यानं. कुठे आठवडा लागे, कुठे महिना. हा समुद्रावर असला की हिला धड झोप नाही, आणि घरी असला की त्याच्या बडबडीनं नाही!

दोघं एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. खालच्या यंत्रांच्या वाफेनं फरशी कोमट असायची आणि धाकटा घरी आला की मोजे काढून त्या फरशीवर पाय पसरून बसायचा. असाच एकदा आला, चहाचा कप पोटावर ठेवला आणि सुरू झाला.

"ताई, जुन्या यार्डाची बोट आणि ही कारखान्याची. लाट आली की मला डोळे मिटून सांगता येईल कुठली ते."

"सांग बघू."

"जुनी लाटेत शिरते ती जाड्या माणसासारखी. घाई नाही, पण पाय घट्ट. आत चहा ठेवला तर सांडत नाही. कारखान्याची उड्या मारते. वारा बेताचा असला की मजा, अशी पळते म्हणतेस! पण लाट उभी आली की वर जाते आणि आपटते. धाडकन! भांडी खाली, मी खाली, दातावर दात."

तिच्या हातातली सुई थांबली. त्याचाच शर्ट शिवत होती. "मग कशाला जातोस रे?"

"आणि खायचं काय, तुझं रेझिन? जुन्या बोटी आता बनवतंय कोण?" तो हसला. "पण तू नको घाबरूस. मी काय करतो सांगू? निघायच्या आधी आतली फळी उचलतो, टॉर्च मारतो. तुझा अंगठा दिसला की मला झोप लागते. नाही दिसला तर कपडे घालून झोपतो!"

"गप बस. काहीतरी बोलू नकोस," ती म्हणाली, पण आतून फुलून गेली.

तो अंगठा म्हणजे जुन्या यार्डाची रीत. कीलच्या मुळाशी शेवटचा थर टाकून झाला, तो अर्धवट सुकला की ज्यानं काम केलं त्यानं हातमोजा काढायचा आणि अंगठा दाबायचा. ठसा जन्मभर राहतो. वर जमिनीच्या फळ्या येतात, गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो. मिस्त्री म्हणायचे, "उद्या इथे तडा गेला तर कोणाचं मानगूट धरायचं ते कळायला नको?" रीत होती ती मानगूट धरण्यासाठी. धाकट्यानं तिचा ताईत करून टाकला. कारखान्यात असलं काही चालत नव्हतं, पण ही गुपचूप करायची.

आता सांगा, असल्या भावाच्या बोटीतले थर ती कमी करेल? पण वजन वाढलं तर बॉडी बाजूला पडणार, गट बोंबलणार, आणि हिला साच्यावरून उचलून घासकामाला लावणार. मग तिथे दुसऱ्या कोणाचे तरी हात येणार आणि अंगठा दिसणारच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

तेव्हा तिला मिस्त्रींचं दुसरं वाक्य आठवलं. रोज सकाळी ते शेडमध्ये ओरडत फिरायचे, "कापड म्हणजे हाड, रेझिन म्हणजे चरबी! हाड घाला, चरबी पुसा!" तिनं ठरवलं, थर ठेवायचे आणि रेझिन काढायचं. हाड तेवढं ठेवायचं, चरबी पुसायची. वजन आपोआप बसेल.

झालं! दुसऱ्या दिवसापासून तिनं रबराची पट्टी हातात घेतली. रेझिन ओतलं की पट्टीनं ओढायची, ओढून ओढून कडेला आणायची, बादलीत निथळायची. पुन्हा ओढायची. मनगट भरून यायचं, पण बाई थांबायची नाही. वरचा शेवटचा थर तेवढा नीट भिजवायची, तुकतुकीत. बॉडी क्रेनवर चढली, लाल आकडा मर्यादेच्या आत येऊन थांबला, शिट्टी वाजली. सुपरवायझर स्वतः येऊन म्हणाला, "बघा, जमतं की नाही? उगाच हट्ट करत होता." आणि ही मान खाली घालून हसली. मनात म्हणाली, तुला काय माहीत, लेका, तुझ्या साडेसात टनांत मी दहा टनांची बोट बसवलीय.

शहाणी! अगं, मिस्त्री चरबी पुसा म्हणायचे ते जुन्या यार्डात, जिथे रेझिन बादल्यांनी ओतायचे आणि थरांवर थर चढायचे. तिथे कितीही पुसलं तरी पुरून उरायचं. कमी म्हणजे किती कमी, हे तिथे कोणी शिकवलंच नाही, कारण तिथे कमी कधी कोणी केलंच नव्हतं. कापडाला कापड धरून ठेवतं ते रेझिनच. ते ओढून घेतलं तर खाली उरतात कोरड्या घड्या. पण वीस वर्षं ज्या माणसाचं ऐकून पोट भरलं, त्याचं वाक्य कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, असा विचार करतो कोण? हिनंही केला नाही. वर्षभर अशाच बॉडी काढल्या, प्रत्येकीत अंगठा दाबला, आणि जडबाई हे नाव आता कौतुकानं घ्यायला लागले लोक.

धाकट्याला लांबचा फेरा मिळाला. एकट्यानं न्यायची होती बोट. तो निघाला त्या दिवशी ती धक्क्यावर गेली, डबा दिला, लोकरीची टोपी दिली, त्यानं नाक मुरडत ती डोक्यावर चढवली. मग आत गेला, फळी उचलल्याचा आवाज आला, आणि दारातून डोकं बाहेर काढून सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "आहे गं, आहे!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. ही लाजून म्हणाली, "जा आता, मेल्या." तो गेला. शीड चढलं, बोट एका अंगावर कलली आणि खाडीच्या तोंडातून बाहेर पडली.

आठवडाही झाला नसेल, सुपरवायझरनं तिला दुरुस्तीच्या शेडमध्ये बोलावलं. तिच्याच गटानं काही महिन्यांपूर्वी काढलेली एक बोट परत आली होती.

"वाळूला घासली, बाकी काही नाही," तो म्हणाला. "ओरखडा यायला हवा होता फक्त. पण आत पाणी येतंय म्हणतात. कीलच्या मुळाशी तडा दिसतोय. तुम्ही तिथलं कापून बघा जरा, तुमचा हात बारीक."

ती आत उतरली. फळ्या काढलेल्या होत्या. आपला अंगठा तिला लगेच दिसला, आणि तडा त्याच्या अगदी शेजारून गेला होता. तिनं यंत्र चालवलं, हाताएवढा तुकडा कापला, बाहेर उजेडात नेला. कडेला नख लावलं. थर सुटला. दुसऱ्याला लावलं, तोही सुटला. आत पांढरं शुभ्र कापड, साच्यात अंथरलं होतं तसंच्या तसं, जणू रेझिननं त्याला कधी शिवलंच नव्हतं. तिनं थर मोजले. ड्रॉइंगपेक्षा दोन जास्त. म्हणजे संशयाला जागाच नव्हती. एक ना धड, भाराभर चिंध्या!

तुकडा हातात घट्ट धरून ती तिथेच खाली बसली. धाकटा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. धाकटा अशाच चिंध्यांवर झोपलाय, आणि सुखानं झोपलाय.

सुपरवायझरला आधी पटेना. "अहो, पण हिचं वजन बरोबर होतं! मी स्वतः बघितलंय."

"वजन बरोबरच होतं," ती म्हणाली. "मी बरोबर केलं होतं ते. तुमच्या काट्याला किती ते कळतं, कुठे ते कळत नाही." आणि तिनं त्याच्यासमोर एकेक थर सोलून दाखवला. तो पांढराफटक पडला. त्यानं शिवी दिली नाही, काही नाही. "चला," म्हणाला, आणि तिला जवळजवळ ओढतच वर ऑफिसात नेलं.

ऑफिसात एक मॅडम बसायच्या, बोटी कुठे पोचल्या, कधी पोचणार, हे बघायच्या. प्रत्येक बोटीवर एक छोटं यंत्र असायचं, उपग्रहावरून चार ओळींचा निरोप जायचा आणि यायचा. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कुठला दोष, कोणी केला, कसा केला, याची चौकशी करत बसल्या नाहीत. भल्या बाई. लगेच निरोप लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता वाचत गेल्या, "याच वर्षाच्या काही बॉडींना कीलच्या मुळाशी दोष सापडला आहे. खात्री करून घ्यावी आणि शक्य असल्यास जवळच्या बंदरात थांबावं." मग मान वर केली.

"तुमचा भाऊ आहे ना तो? तुम्ही सांगितलंय, तुमच्या कामात चूक झालीय, असं घालू का यात?"

आणि इथे बाई अडखळली.

दोन शब्द. घाला, मॅडम. एवढंच म्हणायचं होतं. पण तिला धक्क्यावरचं ते डोकं दिसलं, दारातून बाहेर काढलेलं, लोकरीची टोपी घातलेलं. आहे गं, आहे! ज्या एका गोष्टीवर त्या पोरानं डोळे मिटून भरवसा टाकला, तीच खोटी निघाली हे आपल्या तोंडानं त्याला कळवायचं? तेही परक्या बाईच्या हातून, समुद्राच्या मध्यावर, तो एकटा असताना? घरी आला की सांगू. समोर बसवून सांगू. निरोप तर जातोच आहे, बंदरात थांबेलच की तो. तिचे कान तापले. सुपरवायझर बघत होता, मॅडम बघत होत्या.

"नको," ती म्हणाली. "आहे तेवढंच जाऊ द्या."

निरोप गेला. ती जिन्यात बसून राहिली. मॅडमनी चहा पाठवला, तो तसाच राहिला आणि त्यावर साय धरली. दुपार कलली तेव्हा मॅडमनी तिला आत बोलावलं. चेहरा हसरा होता.

"आलं उत्तर. वाचते हं. 'फळी उचलून खात्री केली. ताईचा अंगठा आहे. ही त्यातली नव्हे. वारा छान आहे, पुढे जातो. ताईला सांगा, काळजी नको.'"

मॅडमना वाटलं, बाई आनंदानं रडतेय. मग तिचा आवाज चढला तेव्हा त्यांना कळलं. ती टेबलाला धरून ओरडत होती, "लिहा! लिहा, अंगठा आहे म्हणूनच परत फिर! ताई सांगतेय म्हणावं! ज्या ज्या बोटीत माझा अंगठा आहे ती प्रत्येक बोट वाईट आहे म्हणावं!"

मॅडमनी लिहिलं. यंत्रावर एक बाण गोल गोल फिरत राहिला. त्यांनी पुन्हा पाठवलं. सुपरवायझरनं जवळपासच्या जहाजांना, बंदरांना फोन लावले, घसा बसेपर्यंत बोलला तो. धाकट्याची एक सवय होती. निरोप आला, उत्तर दिलं की यंत्र बंद करून ठेवायचा, बॅटरी पुरवून वापरायला हवी म्हणून. रोज संध्याकाळी उघडायचा. त्या संध्याकाळी तिकडे वारा छान राहिला नव्हता.

एका मालवाहू जहाजाला ती बोट दिसली, दोन दिवसांनी. पालथी. कील नव्हती. कील होती तिथे भोक, आणि भोकाच्या कडेनं पांढरं कापड पाण्यात हलत होतं, असं त्या जहाजावरच्या माणसानं सांगितलं. आत कोणी नव्हतं. टोपीही सापडली नाही.

ती रडली का? रडली. लाँड्रीच्या वरच्या त्या कोमट फरशीवर कपाळ टेकून रडली, खालची यंत्रं बंद करून बायका वर आल्या इतकी रडली. पण नंतर उठून कारखान्यात गेली. तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. कुठल्या कुठल्या बॉडीत तिचा हात होता ते दाखवलं. बोटी परत आणल्या गेल्या, एकेकीचा तळ कापून नवा केला गेला. ते काम तिनंच मागून घेतलं. कापायच्या आधी प्रत्येक वेळी ती घासकागदानं आपला अंगठा पुसून टाकायची. सुपरवायझर म्हणायचा, "बाई, तो तुकडा फेकूनच द्यायचाय, कशाला घासता?" ती ऐकायची नाही. जडबाई म्हणून हाक मारायची आता कोणाची छाती नव्हती. शेवटची बोट दुरुस्त झाली त्या दिवशी तिनं हातमोजे खुंटीला अडकवले आणि पुन्हा गेली नाही.

आता ती खालच्या लाँड्रीत काम करते. मालकीण चांगली आहे, पण अधूनमधून ओरडते, "अहो, चादरी पिळून तरी द्या, पाणी गळतंय नुसतं!" ती हो म्हणते. यंत्रात घालते, पण हातानं पिळत नाही.

मध्यंतरी त्या ऑफिसातल्या मॅडम कोट धुवायला टाकायला आल्या. हिला काउंटरवर बघून गडबडल्या. हिनंच कोट घेतला, खिसे तपासले, पावती फाडली. मग म्हणाली, "मॅडम, तो निरोप आहे का हो अजून तुमच्याकडे?"

होता. मॅडमनी पुसला नव्हता. त्यांनी फोन काढला आणि हळू आवाजात वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ताईला सांगा, काळजी नको. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना वाटलं घरचा काही निरोप असेल.

ती पावती हातात धरून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बोट वाईट केली ती चुकून केली, मॅडम. ते मी सोसेन. पण तुम्ही नाव घालू का विचारलंत ना, तेव्हा मला लाज वाटली हो. नुसती लाज वाटली. त्या एवढ्याशा लाजेपायी गेला माझा धाकटा."

मॅडमनी तिचा हात धरला. तिनं थोडा वेळ तो तसाच राहू दिला, मग सोडवून घेतला आणि मागच्या गिऱ्हाइकाचे कपडे मोजायला घेतले.